हिरवं होईपर्यंत दाबायचं

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. शाळेत टॅब आले त्या दिवशी पेढे वाटणाऱ्यांत मीही होते, तेव्हा हे पत्र टॅबच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका.

मध्यंतरी अपूर्णांकांच्या वजाबाकीची चाचणी मुलांनी टॅबवर सोडवली. चार पर्याय, चुकलं की लाल, जमलं की हिरवं, आणि कितीही वेळा दाबायची मुभा. अहवाल आला शंभर टक्के. तो वर गेला, आमचं कौतुकही झालं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ५/६ वजा १/४ लिहिलं, तर निम्मा वर्ग म्हणाला, ‘४/२!’ एकाला विचारलं, ‘अरे, काल तर सगळी बरोबर होती ना?’ तो म्हणाला, ‘बाई, ते हिरवं होईपर्यंत दाबायचं असतं.’

लबाडी नव्हती हो ती. आपल्याला येतं असं त्याला मनापासून वाटत होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७० च्या दशकात ‘मेटाकॉग्निशन’ हा शब्द रुजवला. आपल्याला काय कळलंय नि काय नाही, हे आपलं आपल्याला कळणं. त्यांच्या एका प्रयोगात मुलांना काही वस्तू पाठ करायला दिल्या आणि पाठ झाल्याची खात्री पटली की सांगा म्हटलं. मोठ्या मुलांचा अंदाज बहुधा खरा ठरला. लहानगी ‘झालं’ म्हणाली आणि आठवताना अडली. तेव्हा टॅब नव्हते. म्हणजे दुखणं जुनंच आहे, फक्त आता त्याला हिरवा रंग मिळाला.

पण त्याच टॅबवर उलटंही घडतं. माझ्या वर्गातली एक मुलगी व्हिडिओत लसावि आला की थांबते, मागे जाते, वहीत मांडते, पुन्हा बघते. आपण नेमकं कुठे अडलो ते तिला कळतं. शेजारचा पठ्ठ्या तोच व्हिडिओ दुप्पट वेगाने संपवून ‘समजलं बाई’ म्हणतो. अहवालात दोघांपुढे ‘पूर्ण पाहिला’ एवढंच. टॅब चालवण्यात तो तिच्यापेक्षा तरबेज आहे, आणि आपण मोजतो तेही तेवढंच.

म्हणून आता मी टॅब हातात देण्याआधी प्रश्न देते. लोणारचं सरोवर कसं झालं? आधी वहीत स्वतःचं उत्तर, पुढे ‘खात्री’, ‘अंदाज’ किंवा ‘माहीत नाही’. मग शोधा. एकाने लिहिलं, ‘ज्वालामुखी.’ शोधल्यावर उल्का निघाली, तसा तो ओशाळून ती ओळ खोडायला लागला. मी हात धरला. आजूबाजूला सगळा काळा बसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला खडक. लोणार ज्वालामुखीमुळे झालं असं एकेकाळी अभ्यासकांनाही वाटत होतं. तो चुकला, पण रीतसर विचार करून चुकला. सरळ टॅबवर शोधलं असतं तर हा विचार त्यालाही दिसला नसता नि मलाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात मुलाच्या स्वयंमूल्यमापनाला जागा दिली आहे. छान आहे. पण मुदतीच्या आदल्या रात्री चाळीस मुलांची ‘मला काय वाटतं’ एकटी बाई भरते, हे आपल्यालाही ठाऊक असेल.

मागणं मोठं नाही. सरकारी पैशातून येणाऱ्या प्रत्येक चाचणीत मुलाचं पहिलं उत्तर नोंदलेलं राहू द्या आणि उत्तराआधी खात्री विचारणारी एक पट्टी घाला. अहवालातली टक्केवारी घसरेल, तेव्हा आम्हाला कारणे दाखवा नोटीस येणार नाही असं एक परिपत्रकही काढा. त्या पट्टीपेक्षा आम्हाला परिपत्रकाचीच जास्त गरज आहे.

परवा त्याच ‘हिरव्या’ मुलाने वहीत लिहिलं : ‘७/८ वजा १/६. उत्तर येतंय, पण छेद सारखा करताना गडबडतो. अंदाज.’

आपली,
सहावीची बाई