आवाहन : वार (प्लॅसेंटा) तपासणी निधी

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाचं कुठलंच काम आजवर पैशावाचून अडलं नाही, ते तुमच्यामुळे. हर्णे बंदरावरच्या मावश्यांनी मासळीच्या पाटीमागे दहा-दहा रुपये बाजूला काढून रुग्णवाहिकेचे टायर घेऊन दिले. रिक्षावाल्या बांधवांनी रात्री-अपरात्री अडलेल्या बाईकडून भाडं घेतलं नाही. नाना गेले, पण त्यांनी दिलेल्या खोलीत दर ९ तारखेला सरकारी तपासणीला आलेल्या गरोदर लेकी आजही घटकाभर टेकतात.

यंदाचा विषय बोलायला जड आहे. बाळ पोटातच जातं आणि घरात विचारणा होते ती ग्रहणात विळी धरलीस का, तिन्हीसांजेला वहाळावर गेलीस का, अशी. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी आणि बाळामागून पडणारी गादी, त्याच रात्री पुरतात. तिसऱ्या दिवशी त्या आईला दूध भरतं, पाजायला बाळ नसतं.

२८ आठवड्यांनंतरचे असे मृतजन्म जगात वर्षाला सुमारे १९ लाख होतात. वाढलेलं बीपी, साखर, वार वेळेआधी सुटणं, बाळाची खुंटलेली वाढ, जंतुसंसर्ग अशी कितीतरी कारणं तपासणीत सापडतात. सर्वांत जास्त कळतं ते वारेवरून, आणि आईवडिलांची संमती असेल तर बाळाच्या शवविच्छेदनावरून. त्यासाठी वार फॉर्मॅलिनमध्ये (ती कुजू न देणाऱ्या द्रावणात) ठेवून मुंबईच्या लॅबमध्ये पोचवावी लागते. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीराने पुढच्या बाळाच्या रक्ताला विरोध करू नये म्हणून अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत हवं. प्रत्येक वेळी कारण मिळतंच असं नाही. पण मिळालं, तर पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यापासून सावध असतात: गरजेप्रमाणे अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी, साखरेवर नजर, वाढ पाहायला जादा सोनोग्राफी, बाळाचा रक्तपुरवठा पाहायला डॉप्लर.

गेल्या गणपतीत हे मांडलं, तर ‘सणासुदीला असलं अभद्र नको’ म्हणून माईक काढून घेतला. सभामंडपाच्या वर्गणीला धावलेल्या गावात आमचं पावतीपुस्तक जवळजवळ कोरं राहिलं. मनाला लागलं. या लेकी आपल्याच वाडीतल्या आहेत.

अपेक्षित निधी ३ लाख. एका आईच्या तपासण्या व प्रवासासाठी साधारण ८ हजार धरले आहेत. रोख रक्कम कार्यालयात सायं. ५ ते ७, पावती घ्यावीच. चेक मंडळाच्या नावे. क्यूआर कार्यालयाच्या दारावर. मुंबईकरांनी मुंबई शाखेत. वर्गणी शिमग्याआधी द्यावी. नाव गुप्त हवं असल्यास तसं सांगावं. मृतजन्म झाल्यास आशाताईंनी वार पुरण्याआधी कार्यालयात कळवावं, रात्रीसुद्धा.

आपली,
चिटणीस, कार्यकारिणीच्या वतीने