आधी ज्याला दिसले, त्याचे कुणी ऐकले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत परदेशात पळून गेलेल्या गुप्तचर अधिकाऱ्यांवर पानभर मजकूर आला. नातवाने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाला, "आबा, गाडीच्या डिकीत लपून सरहद्द पार! काय धाडस!" सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीचा ओलेग गोर्डिएव्हस्की 1985 साली असाच फिनलंडला पोचला, हे खरे. पण त्याची बायको आणि दोन मुली मागे अडकल्या. त्यांची भेट व्हायला सहा वर्षे गेली. त्याबद्दल पानात एक ओळ नव्हती. असो, मला लिहायचे आहे ते या सगळ्या गोष्टींतल्या आणखी एका माणसाबद्दल. पळणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाबद्दल.

मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन दलात, बावीस वर्षे होतो, त्यातली बरीच सायफरच्या, म्हणजे सांकेतिक लिपीच्या, खोलीत. वडील इथल्या जुन्या गिरणीत विणकर. धागा तुटला की आधी माग थांबवायचा, मुकादम काय म्हणेल ते नंतर, हे लहानपणापासून ऐकलेले. आमच्या खोलीतही तेच. वापरलेली सायफरची पाने मोजायची, दोघांच्या समोर जाळायची, वहीत दोघांनी सही करायची. एका रात्री दोनच्या सुमाराला एक पान कमी भरले. ओल्या स्पंजावर बोट टेकवून तीनदा मोजले, एक कमीच. वरिष्ठांना उठवले. ते म्हणाले, "सकाळी बघू, तू सही करून टाक." मी केली नाही. सकाळी उजेडात पान सापडले, दमट हवेने मागच्या पानाला चिकटलेले. काहीच घडले नव्हते. पण त्या वर्षीच्या अहवालात माझ्या नावापुढे "विनाकारण शंका घेतो" असा शेरा पडला आणि तीन महिन्यांत बदली झाली. आमच्या कोअरचे ब्रीद 'तीव्र चौकस'. तो शेरा वाचला तेव्हा हे दोन शब्द फार लागले होते.

म्हणून रविंदर सिंगची हकिगत वाचताना माझे मन दुसरीकडेच जाते. हा 'रॉ'मधला सहसचिव, त्याआधी लष्करात मेजर. आपल्या कामाशी संबंध नसलेल्या गोष्टी तो सहकाऱ्यांना विचारत असे, कागदांच्या झेरॉक्स काढत असे. हे कचेरीतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर चालले होते. शंका आली, पाळतही लागली, आणि पाळतीत असतानाच मे 2004 मध्ये तो नेपाळमार्गे अमेरिकेला निघून गेला. जूनमध्ये घटनेच्या 311 व्या कलमाखाली त्याला बडतर्फ केले. एवढा मोठा फितूर हातातून सुटला. तो कसा सुटला, ज्यांनी आधी बोट दाखवले त्यांचे पुढे काय झाले, याचा सरकारी वृत्तांत आजतागायत लोकांसमोर आलेला नाही. वीस वर्षे उलटून गेली. आता तरी गोपनीय नावे झाकून तो प्रसिद्ध व्हावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

हे काही आपल्याकडचेच दुखणे नाही. अमेरिकेच्या सीआयएतला आल्ड्रिच एम्स तर पळालाही नाही, जागेवर बसून रशियनांना माहिती विकत राहिला. सरकारी पगारातल्या या माणसाने पाच लाख चाळीस हजार डॉलरचे घर रोखीने घेतले. एका जुन्या महिला सहकाऱ्याला ते खटकले आणि तिने 1989 मध्येच वर कळवले. एम्सला अटक झाली फेब्रुवारी 1994 मध्ये. त्याने नावे दिल्यामुळे अमेरिकेसाठी गुपचूप काम करणाऱ्या, सोव्हिएत बाजूच्या किमान दहा जणांना देहदंड झाला. त्यातले बहुतेक तिने कळवण्याआधीच गेले होते, हे मला ठाऊक आहे. तरीपण चार वर्षे हा काय थोडा वेळ झाला?

आणि संपादक महोदय, एक गोष्ट खास आपल्यासाठी. इगोर गुझेन्को हा ओटावातल्या सोव्हिएत वकिलातीत माझ्यासारखाच सायफर कारकून. 5 सप्टेंबर 1945 च्या रात्री तो 109 कागद सदऱ्याखाली दडवून बाहेर पडला आणि सगळ्यात आधी गेला तो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. तिथे कुणाला त्याचे म्हणणे पटले नाही, त्याला परत पाठवले. दुसऱ्या दिवशी गरोदर बायको आणि लहान मूल घेऊन तो सरकारी दारे हिंडला. तिथेही तेच. त्या रात्री वकिलातीची माणसे त्याच्या घराचे दार फोडून आत शिरली, तेव्हा हे कुटुंब शेजाऱ्यांच्या घरात लपलेले होते. तो वाचला तो शेजाऱ्यांमुळे. त्याच कागदांवरून पुढे कॅनडात चौकशी आयोग बसला आणि एका खासदाराला शिक्षा झाली. त्याच्या देशाच्या लेखी तो फितूरच, मान्य. पण कागद खरे होते, आणि ते हातात घेऊन बघायला दोन दिवस कुणी तयार नव्हते.

आपली पुरवणी सोलापुरात घरोघरी वाचली जाते. पळणाऱ्यांवर पान दिलेत, तसे एखादे पान खटकलेले वेळीच बोलून दाखवणाऱ्या कारकुनांवर, शिपायांवर, शेजाऱ्यांवर द्यावे. आणि कधी रात्री उशिरा आपल्याही कचेरीत कुणी घाबरलेला माणूस पिशवीत कागद घेऊन आला, तर "उद्या या" म्हणू नका. त्याला बसवून घ्या, पाणी द्या आणि पिशवीतले कागद तिथल्या तिथे वाचा.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार (सिग्नल्स),
जुळे सोलापूर