सायलेन्सरवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात कामठी रोडवरच्या तुमच्या शेडला धड पाटीसुद्धा नाही, आणि तुम्ही केलेलं काम गाडीच्या खाली असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवीलच.

मार्चपासून आईचं डोकं दुखायला लागलं होतं. गुडघ्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा तिला कॉर्पोरेशन कॉलनीतून मेडिकल चौकात न्यायचं, एवढाच आमचा प्रवास. ऊन असं की काचा बंद, एसी चालू. सिग्नलला गाडी थांबली की तिचं कपाळ जड व्हायचं, उतरेपर्यंत मळमळायला लागायचं. पित्त असेल, ऊन लागलं असेल, असं आम्ही म्हणत राहिलो. कैरीचं पन्हं झालं, खिशात कांदा ठेवून झाला. गाडीचा संशय आला नाही, कारण पीयूसी पास होती आणि आत लिंबाच्या वासाची डबी टांगलेली होती.

गाडी बाबांची. २००३ ची झेन, ९९३ सीसीची. ते गेल्यापासून मी चालवते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा ती आमच्या फाटकात उभी होती आणि पाणी सीटपर्यंत चढलं होतं. इंजिन उघडून साफ केलं, सीटा वाळवल्या, डिसेंबरात पासिंगही करून आणलं. खालच्या पाइपाकडे मात्र कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

एप्रिलमध्ये आवाज फाटका येऊ लागला, पिकअप गेला, पंधराचं अ‍ॅव्हरेज अकरावर आलं. मी आधी शहरातल्या एका दुकानात गेले. त्यांनी गाडी जॅकवर न चढवताच अठरा हजार सांगितले. कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून टाकू, दोन इंची सरळ पाइप टाकू, गाडी नुसती पळेल. जुना माल दुकानाकडे राहील. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी तुमचा पत्ता दिला म्हणून वाचले.

तुम्ही सकाळी साडेसहाला बोलावलंत. दुपारी पंचेचाळीस डिग्रीत गाडीखाली कोण जाणार, आणि गार पाइपच हाताला खरं सांगतो, असं म्हणालात. कडुलिंबाखाली गाडी उभी केली. तुम्ही ओलं फडकं घेतलंत, मागच्या नळीच्या तोंडावर दाबून धरलंत आणि मला म्हणालात, "चालू करा." सायलेन्सर धड असता तर इंजिन गुदमरून बंद पडलं असतं. ते आरामात चालू राहिलं आणि खालून फुस्स असा आवाज येत राहिला. तुम्ही साबणाचं पाणी एकेका जोडावर सोडलंत. इंजिनातला धूर पाइपात सोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी, म्हणजे जोडातल्या चकतीपाशी, फेस उकळल्यासारखा उसळला. तिथेच काजळीची एक काळी रेघ होती, बोटभर लांब. मधला पाइप तुम्ही पान्याने ठोकलात तर पान्याचं टोक आत गेलं. मग स्टेपनी काढून डिक्कीच्या तळाचं भोक दाखवलंत. रबरी बूच पुराच्या वेळी निघालं असणार, आणि भोवतीचा पत्रा गंजून गेला होता.

तेव्हा तुम्ही माझ्याकडे न पाहता विचारलंत, "घरी कोणाचं डोकं दुखून राहिलं का जी?"

काका, तो प्रश्न मी विसरणार नाही. आईबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलले नव्हते.

नंतर मी वाचून काढलं. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सिग्नलला उभ्या गाडीखाली धूर साचतो, भोकातून वर येतो, आणि काचा बंद असल्या की आतच राहतो. मागच्या सीटवर आई, तिच्या मागेच ते भोक. पीयूसीचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. फुटलेल्या जोडांतून बाहेरची हवा आत ओढली जाते, धूर पातळ होतो आणि मशीनवर आकडा चांगला दिसतो. म्हणजे ज्या भोकांनी आई आजारी पडत होती, त्याच भोकांनी मला पास झाल्याचा कागद मिळवून दिला होता. अ‍ॅव्हरेज पडायचं कारणही तेच. धुरातला प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरच्या आधीच हवा शिरली की त्याला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं, आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो.

मी अठरा हजारांच्या पाइपाचं सांगितलं तेव्हा तुम्ही हातातलं काम थांबवलंत. "हजार सीसीची गाडी आहे बेटा. पाइप मोठा केला तं धूर रमतगमत जाईन. बागेची नळी बोटानं दाबली की पाणी दूर जाते ना? तसाच वेग लागते. मोठ्या पाइपात गाडी खालच्या गिअरात ओढणार नाही, नुसती बोंबलंन." मग कॅट खोलून उन्हाकडे धरून दाखवलंत. आतली बारीक जाळी मधमाशीच्या पोळ्यासारखी, अख्खी, आरपार उजेड दिसत होता. हलवून पाहिलं, काही खुळखुळलं नाही. "हे तं जिवंत आहे. याच्यात प्लॅटिनम असते, पॅलेडियम असते. म्हणून तं जुना माल ठेवून घेतो म्हणतात." तुम्हीही तो ठेवून घेऊ शकला असता. मला काय कळलं असतं? तुम्ही तो पुसून परत त्याच जागी बसवलात.

पुढचे दोन दिवस मी कॉलेजला जाता-येता तुमच्याकडे डोकावत होते. नवीन गॅस्केट बसवायच्या आधी तुम्ही फ्लँज, म्हणजे जोडाची चपटी कड, घासून सपाट केलीत आणि काचेवर ठेवून डोलते का पाहिलीत. मधला पाइप आणि मागचा डबा ३०४ या स्टेनलेस स्टीलचा, आर्गन वेल्डिंगने. पाइपाचं माप मूळचंच. डब्यातले कप्पेही जुना डबा कापून, आत पाहून, तसेच केलेत, आवाज कंपनीचाच राहावा म्हणून. कापलेल्या डब्यातून वाटीभर लालसर पाणी निघालं. मला वाटलं पुराचं. तुम्ही हसलात. पुरानं सुरुवात केली असेल, पण हे पाणी रोजचं, म्हणालात. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. लांब चाललेल्या गाडीत ते वाफ होऊन निघून जातं. आमच्यासारखी पाच-सहा किलोमीटरवर थांबणारी गाडी ते पोटात घेऊन उभी राहते आणि आतून गंजते. म्हणून महिन्यातून एकदा तरी तिला रामटेकपर्यंत फिरवून आणा, असं तुम्ही बजावलंत. आम्ही दोनदा जाऊन आलो. आईने गडाच्या पायऱ्या चढल्या नाहीत, पण खाली बसून भेळ खाल्ली.

डिक्कीच्या भोकाला नवा पत्रा, सीलंट, नवं बूच. पाइप टांगून धरणारी, लोंबकळलेली हँगरची रबरं बदललीत. शेवटी पुन्हा तेच ओलं फडकं. या वेळी इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं आणि तुम्ही "आता झालं" म्हणून हात पुसलेत. बिल ८,६००. जुने तुकडे पोत्यात भरून परत दिलेत, काय बदललं ते दिसावं म्हणून.

आईचं डोकं त्या दिवसापासून गाडीत एकदाही दुखलं नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी तपासलं, आता काळजी नाही म्हणाले. अ‍ॅव्हरेज परत साडेचौदावर आलं आहे. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. पहिल्या दिवशी मी गाडी घरी आणली तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. फाटकात गाडी थांबली तशी ती हात न पुसताच बाहेर आली आणि दारात उभी राहिली. म्हणाली, "आवाज ऐकून वाटलं, हे आले."

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे आणि त्यात बसलं की कोणाचं तरी डोकं दुखतं, त्यांनी हे वाचून आजच काचा उघडाव्यात आणि गाडी कोणाला तरी खालून दाखवावी. तुमच्यासारखं खाली जाऊन पाहणारं माणूस शोधावं.

हजार किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळायला आणा, असं तुम्ही म्हणाला होतात. परवा झाले. शनिवारी साडेसहाला येते. आईही येणार आहे, सांबारवडी घेऊन. मुलालाही थांबायला सांगा.

तुमची,
निळ्या झेनवाली