पोर्ट नवा, वेग जुनाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात नवीन लॅपटॉपची माहिती येते तेव्हा सोबत एक तक्ता असतो, मी तो आधी वाचतो आणि बातमी नंतर. त्यात रॅम किती, प्रोसेसर कुठला, स्क्रीन किती इंची, वजन किती हे सगळं नीट आकड्यांत असतं आणि पोर्टच्या रकान्यात मात्र नुसतं 'टाइप-सी : २' एवढंच. त्या एका ओळीनेच माझा घात केला, म्हणून हे पत्र.

झालं असं की मी गेल्या वर्षी लॅपटॉप बदलला तो खरं तर पोर्टसाठीच. काम व्हिडिओ एडिटिंगचं, रोज ढीगभर फायली इकडून तिकडे न्यायच्या, जुन्या मशीनवर ते करताना जीव नकोसा व्हायचा. दुकानात विचारलं की पोर्ट फास्ट आहेत ना, तर विक्रेता म्हणाला "सी टाइप आहे ना सर, म्हणजे फास्टच." घरी आणला, एक्स्टर्नल एसएसडी, म्हणजे बाहेरून जोडायची वेगवान डिस्क, लावली, १२० जीबीचं फुटेज कॉपीला टाकलं तर स्क्रीनवर वेळ दाखवतोय ५० मिनिटं. मला वाटलं एसएसडीच गंडली. दुसरी लावली, तेच. मग केबलवर संशय आला, ती मोबाइलच्या चार्जरसोबतची होती आणि खरंच जुन्या यूएसबी २.० च्या वेगाची निघाली, म्हटलं सापडला चोर. पण एसएसडीच्या बॉक्समधली केबल लावली तरी आकडा सेकंदाला ४० एमबीच्या वर सरकेना. शेवटी वैतागून तीच केबल उपटून शेजारच्या पोर्टात खुपसली, आणि तेवढंच काम सव्वादोन मिनिटांत उरकलं! दोन्ही पोर्टांचा आकार एकच, मध्ये अंतर दोन बोटांचं, पण एकाचा वेग ४८० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि दुसऱ्याचा १० जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट). आठ बिटचा एक बाइट, म्हणून ४८० चा आकडा मोठा दिसला तरी तो सेकंदाला फार तर ६० एमबी. मॅन्युअलमध्ये होतं लिहिलेलं, नाही असं नाही, पण शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात, आणि बाहेर पोर्टाशेजारी साधा ठिपकासुद्धा नाही.

आता ४८० हा आकडा कधीचा, तर यूएसबी २.० चा, म्हणजे २००० सालचा. तेव्हा पेन ड्राइव्हमध्ये चार गाणी मावली तरी कौतुक वाटायचं, त्यामुळे तो वेग म्हणजे चैनच होती. आज मोबाइलवर काढलेला ४के व्हिडिओ बघता बघता काही जीबीचा होतो, लोकांना फास्ट पोर्ट हवाय तो हौस म्हणून नाही, फायलीच तेवढ्या फुगल्यात.

आणि 'ग्राहक मागतच नाहीत' हे जे कंपन्यांकडून ऐकू येतं ना, ते मला अजिबात पटत नाही. यूएसबी ३.० जाहीर झालं २००८ च्या नोव्हेंबरात, पण इंटेलने ते स्वतःच्या चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये, घातलं थेट २०१२ साली. मधल्या काळात मदरबोर्डवाले वेगळी चिप लावून एक-दोन निळी पोर्ट देत होते आणि लोक ती शोधून शोधून घेत होते. त्या निळ्या रंगाची आठवण मुद्दाम काढतोय. पोर्टच्या आतली ती प्लॅस्टिकची जीभ निळी दिसली की हार्ड डिस्क इथे लावायची, हे घरात कॉम्प्युटरचं ओ की ठो न कळणाऱ्यालाही समजायचं. रंगाची सक्ती नव्हती म्हणा, काही कंपन्या काळीच ठेवायच्या, पण बहुतेक वेळा काम भागायचं. २०१४ साली टाइप-सी आलं, कसंही घाला जातं, उलटसुलट करत बसायची कटकट गेली हे कबूल. पण एवढ्याशा तोंडात रंग दाखवायला जागाच नाही आणि तेवढी ती एक खूणही गेली.

उरलीसुरली कसर नावांनी भरून काढली. ५ जीबीपीएसवालं यूएसबी ३.० आधी '३.१ जेन १' झालं आणि मग '३.२ जेन १', पोरगं तेच पण बारसं तीनदा. त्यामुळे आज बॉक्सवर नुसतं 'यूएसबी ३.२' लिहिलेलं असलं तर आतला वेग ५ असू शकतो, १० असू शकतो किंवा २० पण. ग्राहकाने यातून काय समजायचं? ही नावं ठरवणाऱ्या संस्थेलाही बहुतेक लाज वाटली असावी, कारण २०२२ मध्ये त्यांनीच सरळ २० जीबीपीएस, ४० जीबीपीएस असे आकडे दाखवणारे लोगो आणले, पण ते छापलेच पाहिजेत अशी सक्ती नाही. युरोपने टाइप-सी सक्तीचं केलं, मोबाइलला २०२४ च्या डिसेंबरपासून आणि लॅपटॉपला २०२६ च्या एप्रिलपासून, छानच झालं, पण तो नियम चार्जिंगसाठी आहे, डेटा किती वेगाने जायला हवा याबद्दल त्यात काही नाही. आयफोन १५ चंच बघा, २०२३ मध्ये टाइप-सी आलं म्हणून केवढा गाजावाजा झाला, आणि साध्या मॉडेलचा डेटाचा वेग तोच ४८० एमबीपीएस, १० जीबीपीएस हवं तर प्रो घ्या.

सगळेच पोर्ट ४० जीबीपीएसचे द्या असं माझं म्हणणं नाही. माउस, कीबोर्ड, प्रिंटरला जुना वेग पोटभर पुरतो, आणि वेग वाढवला की खर्च वाढतो, केबलही आखूड ठेवावी लागते, ४० जीबीपीएसच्या साध्या केबलची लांबी जेमतेम ८० सेंटीमीटर असते. तसंच नवीन द्या म्हणजे जुनं उखडून फेका असंही नाही. ॲपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये ते करून बघितलं, सगळीकडे फक्त टाइप-सीच्या आकाराचं थंडरबोल्ट, म्हणजे आणखी वेगवान जातीचं पोर्ट, लोक ॲडॉप्टरची पिशवी घेऊन फिरायला लागले, इतकी बोंब झाली की २०२१ मध्ये स्क्रीन जोडायचं एचडीएमआय आणि मेमरी कार्डचा स्लॉट गुपचूप परत आला. म्हणजे ग्राहक ओरडला की ऐकतात, उशिरा का होईना.

तर कंपन्यांनी पोर्टाशेजारी वेगाचा आकडा छापावा, त्या पोर्टाला बाहेरची स्क्रीन जोडता येते की नाही तेही दाखवावं, आणि तुम्हाला विनंती एवढीच की तुमच्या तक्त्यात पोर्टची नुसती संख्या देऊ नका, प्रत्येकाचा वेग द्या, आणि कंपनीने कळवला नसेल तर 'कंपनीने सांगितलं नाही' असं स्पष्ट छापा. माझ्यापुरतं मी काम भागवलंय, डाव्या बाजूला कागदी टेप चिकटवून एका पोर्टावर '१०' लिहिलंय आणि दुसऱ्यावर 'माउस'. टेप आत्ताच कडेने सुटायला लागलीय.

आपला,
एक नियमित वाचक