आरक्षित भूखंडांचा गोषवारा: मंजुरीआधी काय पाहावे?

संपादक महोदय,

जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर ठाणे महापालिकेत पुन्हा नगरसेवक बसले आहेत. मैदाने, उद्याने, रस्ते यांसाठी आरक्षित जागा घेण्याचे प्रस्ताव आता त्यांच्यासमोर येतील. बाके वाजवून ते मंजूर करण्याआधी गोषवाऱ्यात, म्हणजे प्रस्तावासोबत येणाऱ्या प्रशासनाच्या टिपणीत, काय शोधावे, त्याविषयी थोडेसे.

आधी तारीख पाहावी. शहराचा विकास आराखडा अमलात येऊन दहा वर्षे उलटली आणि जागा घेतली नाही, तर मालक नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 127 खाली मालकीच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो. ठाण्याचा आराखडा 1999 आणि 2003 मध्ये दोन टप्प्यांत मंजूर झालेला, त्यामुळे त्यातल्या न घेतलेल्या जागांची दहा वर्षे केव्हाच सरली आहेत. नोटिशीपासून 24 महिन्यांत (2015 च्या दुरुस्तीआधी 12) जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. गफलत होते ती इथेच. ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव रवाना केला, म्हणजे पाऊल उचलले असे धरले जाते. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच स्पष्ट केले आहे की नुसता प्रस्ताव पाठवून भागत नाही, संपादनाची घोषणा व्हावी लागते. त्याआधी मोजणी, हक्कांची तपासणी, निधीची तरतूद या सगळ्याला महिने लागतात. बाविसाव्या महिन्यात आयत्या वेळचा विषय म्हणून आलेला प्रस्ताव मंजूर केला काय नि तहकूब ठेवला काय, मैदान गेल्यातच जमा.

मग किंमत. कलम 126 तीन वाटा देते: वाटाघाटीने रोख, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जादा बांधकामाची परवानगी), नाहीतर सक्तीचे संपादन. वाटाघाटीचा दर मंजूर करणे हे महापालिका अधिनियमाच्या कलम 77 नुसार स्थायी समितीचे काम आहे. उदाहरणादाखल 2,000 चौरस मीटरचा भूखंड घ्या. बाजारमूल्य चौरस मीटरला 50,000 रुपये धरले तर 10 कोटी होतात. सक्तीच्या संपादनात 2013 च्या भूसंपादन कायद्याने त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे एकूण 20 कोटी. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (भरपाईच्या अंतिम आदेशापर्यंत) बाजारमूल्यावर वर्षाला 12 टक्के, म्हणजे दर वर्षाच्या दिरंगाईला 1 कोटी 20 लाख. हेही रेडी रेकनरचाच, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर ग्राह्य धरून. आसपासच्या खरेदीखतांची सरासरी त्याहून जास्त निघाली तर तीच धरावी लागते. गोषवाऱ्यात मात्र बहुधा एकच एकूण आकडा असतो.

टीडीआरला पैसे लागत नाहीत म्हणून तो फुकट, हाही भ्रमच. दाट वस्तीबाहेर जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो, म्हणजे वरच्या भूखंडाचे 4,000 चौरस मीटर. ते उतरणार घोडबंदर पट्ट्यासारख्या ठिकाणी, जिथे आधीच टँकरवर दिवस काढले जातात. तरीही रोखीपेक्षा मी टीडीआरलाच कौल देईन, पण तिन्ही वाटांचा खर्च शेजारी शेजारी मांडलेला तक्ता समोर असेल तरच.

सर्वांत जास्त घोळ कागदांत असतो. ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल आणि भूमि अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा जोडलेला नसेल तर विषय परत पाठवावा. 'इतर हक्क' रकाना स्वतः वाचावा. कुळाचे नाव, भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालच्या सवलतीची अट, येऊरच्या पायथ्याला खासगी वनाची नोंद, यातले काहीही निघू शकते. कळवा, मुंब्रा, दिवा भागात तर जागेवर चाळी उभ्या आहेत का, हे पंचनाम्यातूनच कळते. चाळींसकट जमिनीचे पूर्ण पैसे मोजायचे आणि पुनर्वसनही आपणच करायचे, असा व्यवहार सभागृहाने का करावा?

कलम 127 च्या आलेल्या सर्व नोटिशी, त्यांच्या तारखा आणि चोवीसावा महिना कधी भरतो याची एकपानी यादी दर सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेला जोडा, अशी मागणी एखाद्या सदस्याने ठरावाद्वारे करावी. त्याच यादीत आणखी एक रकाना हवा: ताबा घेतलेल्या जागेच्या सातबाऱ्यावर महापालिकेचे नाव लागले का? टीडीआरचे प्रमाणपत्र मालकाच्या हाती आणि सातबारा मात्र जुन्याच नावावर, अशी जागा वारस पुन्हा विकू शकतात.

— एक करदाता, नौपाडा, ठाणे