वाफ द्या म्हणालात, म्हणून दिली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : वाफेने बिघडलेली फेल्ट हॅट आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय / महोदया,

तुमच्या ग्राहक सेवेचं शेवटचं उत्तर समोर ठेवूनच हे पत्र लिहिते आहे. उत्तर एका ओळीचं आहे : 'उत्पादनाचा उष्णतेशी संपर्क आल्याने वॉरंटी लागू होत नाही.' हॅटसोबत आलेल्या तुमच्याच माहितीपत्रकात दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलंय : 'हलकी वाफ द्या आणि हवा तो आकार द्या.' वाफेत उष्णता नसते असं कंपनीचं म्हणणं असेल तर तेवढं सहीशिक्क्यानिशी कळवा, मी फ्रेम करून भिंतीवर लावीन.

मुळात मला आकार बदलायचाच नव्हता. करड्या रंगाची, रुंद कडेची हॅट मागवली होती. लेबलवर '१०० टक्के लोकर' आणि माप ५८. माझ्या डोक्याचा घेर कानांच्या जरा वरून टेप फिरवला की बरोबर ५८ सेंटीमीटर भरतो. हॅट घालून दहा मिनिटं होत नाहीत तोच कपाळावर लाल वळ उठला. आतून मोजली तर जेमतेम ५७. सेंटीमीटरभराचं काय एवढं, असं वाटेल. पण हॅटच्या एका नंबरात आणि पुढच्या नंबरात अंतर असतं तेच मुळी तेवढं. बदलून मागितली, तर तुमच्याकडून ईमेल आला : 'घट्ट वाटत असल्यास वाफ देऊन हलकेच ताणून घ्या.' म्हणजे वाफेचा सल्ला एकदा छापील आणि एकदा लेखी, असा दोनदा मिळाला.

मी या कामात नवखी नाही. घरातल्या जुन्या फेल्ट हॅटांचे बसलेले माथे वर काढणं, पुढची कड खाली वळवणं, मध्ये खाच पाडणं हे सगळं मी हातानेच करते. फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नव्हे, त्याला उभे-आडवे धागे नसतातच. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत असे गुंततात की सुटायचं नाव नाही. तोच तयार फेल्ट वाफेवर धरला की मऊ पडतो, बोटांनी वळवाल तसा वळतो आणि गार होऊन वाळला की तसाच राहतो. 'हवा तो आकार द्या' असं तुम्ही छापू शकता ते लोकरीच्या या गुणाच्या भरवशावर.

तेव्हा मी काय केलं ते नीट वाचा, कारण 'चुकीची हाताळणी' हा शब्दही तुमच्या एका ईमेलात आहे. आतली घाम टिपणारी पट्टी आधी बाहेरच्या बाजूला उलटवली. चामडं वाफेत आकसतं, म्हणून ती वाफेपासून लांब ठेवायची. हॅट केटलीच्या तोंडापासून वीतभर दूर धरली आणि सतत फिरवत राहिले. एका जागी दहा-बारा सेकंदांच्या वर थांबले नाही. मग आत लाकडी स्ट्रेचर, म्हणजे हॅट आतून ताणायचा स्क्रूचा ठोकळा, बसवून स्क्रूला अर्धाच फेरा दिला.

आधी वास आला. ओल्या लोकरीचा वास मला पाठ आहे, हा तो नव्हता. प्लॅस्टिकचं काही तापल्यावर येतो तसला होता. पाहते तो उलटवलेली पट्टी एका बाजूने सुटून लोंबत होती. तिला शिवण नव्हतीच. पिवळसर गोंदाची रेघ होती, ती पाघळलेली, बोट लावलं की तार सुटत होती. आणि ज्या पट्टीला मी चामडं समजून एवढी जपत होते ती वरून चकचकीत थर आणि मागे जाळीचं कापड अशी निघाली. गोंद फेल्टमधून झिरपत बाहेर आला आणि रिबिनीच्या वर बोटभर लांब काळपट डाग उमटला. कडेची गत तर बघवत नाही. पुढचा अर्धा भाग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लाटा लाटा होऊन खाली आला. मी तो सारखा केला, सपाट फळीवर दाबून रात्रभर वाळत ठेवला. सकाळी लाटा होत्या तिथेच.

माझा हात चुकला असेल, ही शंका मलाही आली. म्हणून त्याच केटलीवर, तेवढ्याच अंतरावर माझी एक जुनी हॅट धरली. तिची मागची कड बऱ्याच दिवसांपासून दबलेली होती. ती दोन मिनिटांत उचलली गेली, गार होईपर्यंत हातात धरली आणि आजही तशीच उभी आहे. पट्टी जागच्या जागी, कारण ती टाके घालून शिवलेली आहे.

मग आणखी एक गोष्ट केली. तुमच्या हॅटच्या पट्टीखालून चिमूटभर फेल्ट खरवडून चिमट्यात धरला आणि ज्योतीला लावला. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती आपोआप विझते आणि जे काळं उरतं त्याचा बोटांत चुरा होतो. केस जळल्याचा वास आला खरा, त्यामुळे लोकर अजिबातच नाही असं मी म्हणणार नाही. पण चिमट्याच्या टोकावर जो काळा मणी उरला तो नखाने फुटेना. असा टणक मणी वितळलेल्या कृत्रिम धाग्याचा होतो. '१०० टक्के' म्हणजे नक्की किती, हे आता तुम्हीच सांगा.

माझी एक चूक मी कबूल करते. झाकल्या जाणाऱ्या एखाद्या कोपऱ्यावर आधी वाफ देऊन पाहायला हवी होती. दुसऱ्या कोणाला मी तेच सांगितलं असतं. तुमच्या पत्रकावर विश्वास ठेवून ते टाळलं. आणि हो, पत्रकाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत 'उष्णतेपासून दूर ठेवा' असं आहे, तेही मी वाचलं, पण हॅट बिघडल्यावर. एकाच कागदाची एक बाजू वाफ द्या म्हणते, दुसरी देऊ नका म्हणते. ग्राहकाने काय कागद उलटसुलट करत बसायचं?

मला पूर्ण रक्कम परत हवी आहे, हॅट परत पाठवण्याच्या खर्चासकट. बदली हॅट नको. ती याच गोंदाची असणार. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलंत, तेही नको.

पत्रकाचंही काहीतरी करा. हॅट वाफ सोसत नसेल तर दुसरं पान काढून टाका. ते ठेवायचंच असेल तर पट्टी शिवून द्या, वाफ किती अंतरावरून आणि किती वेळ द्यायची ते लिहा, आणि पट्टी चामड्याची आहे की नाही तेही लिहा. लेबलवर लोकरीसोबत आणखी जे काही आहे त्याचं नाव आणि प्रमाण छापा.

हॅट मूळ खोक्यातच घालून ठेवली आहे. जळून उरलेला मणी एका छोट्या पाकिटात घालून माथ्याच्या आतल्या बाजूला टाचला आहे. टाचला म्हणजे सुई-दोऱ्याने. पंधरा दिवस उत्तराची वाट पाहीन. छापील साच्यातलं उत्तर मात्र पाठवू नका, ती चार माझ्याकडे आधीच आहेत.

कळावे,

आपली एक ग्राहक

सोबत : पट्टी, डाग आणि कड यांचे फोटो, पत्रकाच्या दोन्ही बाजूंची प्रत, वाफ देण्याचा सल्ला देणारा तुमचा ईमेल