जामीन मिळाला, पण ऐपतीचा दाखला कुठून आणायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातील तुरुंगांत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक कैदी असल्यामुळे नवी कारागृहे बांधण्याचा विचार सुरू असल्याचे आपल्या दैनिकात वाचले. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता हजाराच्याही आत आहे आणि तिथे अनेकदा तीन हजारांहून अधिक माणसे ठेवलेली असतात, हे पाहता जागा वाढवावी असे कोणालाही वाटेल. मात्र आत असलेल्यांपैकी काहींना न्यायालयाने जामीन आधीच दिलेला आहे आणि तरीही ते सुटलेले नाहीत, याचा उल्लेख अशा बातम्यांत क्वचितच येतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही हे ठाऊक नव्हते.

आमच्याकडे चौदा वर्षे धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलाला मोबाइल चोरीच्या आरोपावरून अटक झाली. तो चोर आहे की नाही, हे मला माहीत नाही; ते ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि तो खटला अजून उभाही राहिलेला नाही. अटकेनंतर एकोणिसाव्या दिवशी त्याला पंधरा हजार रुपयांचा आणि तितक्याच रकमेच्या एका जामीनदाराचा जामीन मंजूर झाला. मावशींनी पेढे आणले. त्यानंतर तो मुलगा आणखी तीन महिने आठ दिवस आतच होता.

कारण साधे होते. जामीनदार ऐपतदार हवा होता आणि मावशींच्या ओळखीत तसे कोणी नव्हते. त्यांच्या झोपडीची घरपट्टी त्यांच्या नावाची नाही, रेशनकार्ड गावाकडचे आणि भाऊ मजूर अड्ड्यावर उभा राहणारा, त्यामुळे पगारपत्रक दाखवणार कोण? त्यांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा मी लगेच हो म्हटले नाही, हेही इथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. ‘कोर्टाच्या भानगडीत आपण कशाला पडायचे’ असे घरात म्हटले गेले आणि मला ते काही दिवस पटलेही. पुढे धीर करून मी गेले, तर माझे निवृत्तिवेतनाचे कागद पुरेसे नाहीत, सदनिका यजमानांच्या नावावर आहे, तेव्हा तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला आणा, असे सांगण्यात आले. तो हाती येईपर्यंत अनेक आठवडे गेले. पस्तीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईची ही गत, तर मावशींचे काय झाले असते? न्यायालयाच्या फाटकाबाहेर पाच हजारांत जामीनदार ‘लावून देणारा’ एक गृहस्थ आम्हाला भेटला होता. मावशी त्या रात्री मंगळसूत्र मोडायला निघाल्या होत्या.

याच काळात मी दोनदा त्यांच्यासोबत तुरुंगात मुलाच्या मुलाखतीला गेले. सकाळी सातपासून रांग, नाव पुकारायला साडेअकरा. बहुतेक बायकाच, कडेवर मुले आणि हातात प्लास्टिकच्या पिशव्या. मावशींनी नेलेल्या पायजम्याची नाडी फाटकावरच काढून घेतली आणि नुसता पायजमा आत पाठवला. काचेपलीकडे मुलगा, कानाला फोन आणि त्या फोनमधून मध्येच खरखर. त्याने आईला विचारले ते एवढेच, की या महिन्याची मनीऑर्डर केली का. कारण साबण, तेल, बिस्किटे कॅन्टीनमधून घ्यायची तर खात्यावर पैसे हवेत आणि ज्याच्या खात्यावर पैसे नाहीत त्याला दुसऱ्याचे कपडे धुऊन साबण मिळवावा लागतो. बराकीत रात्री एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचे तर शेजारच्यालाही वळावे लागते, हे त्याने हसत सांगितले. सुटकेचा आदेश निघाला त्या दिवशी तो तुरुंगाच्या दारावरील पेटीत पडायला उशीर झाला, म्हणून आणखी एक रात्र. केटररकडची नोकरी तोवर गेली होतीच.

हा एका घराचा अनुभव झाला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन जण असे, की ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही. त्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय मिळून दोन तृतीयांशांच्या आसपास भरतात. (निवडणुकीच्या दिवशी यांपैकी एकालाही मत देता येत नाही, तुरुंगातून निवडणूक लढवता मात्र येते. नागरिकशास्त्राच्या तासाला हे कोणी विचारले नाही, ते बरेच झाले.)

कायदा याबाबतीत मुका आहे, असेही नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला असताना खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्या भावाला नाकारले. तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही पद्धत गरिबांवर अन्याय करणारी असल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवले. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांच्या हुसैनआरा खातून प्रकरणात, समाजात मुळे रुजलेल्या आरोपीला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडता येते, हेही सांगून झाले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी तपशिलात जाऊन सूचना दिल्या. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकते आणि स्थानिक जामीनदाराची अट जिथे सुटकेला अडथळा ठरते तिथे ती घालू नये, असे त्यात आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तेव्हा चाळीस हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. मावशींच्या मुलाची गरज पंधरा हजारांची होती. आम्ही ज्या ज्या खिडकीवर उभे राहिलो, तिथे यातले काहीच कोणी सांगितले नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचे आहे आणि त्यासाठीचा अर्ज तुरुंग अधीक्षकानेच करायचा आहे. हे स्वागतार्ह आहे. पण त्याच कलमात, ज्याच्यावर एकाहून अधिक खटले प्रलंबित आहेत त्याला हा लाभ नाही, असेही म्हटले आहे. ही अट वाचताना मला पारधी वस्तीवरचे माझे जुने विद्यार्थी आठवले. इंग्रजांनी १८७१ मध्ये ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या कपाळीचा तो शिक्का १९५२ मध्ये कागदावर पुसला गेला. तरी गावात चोरी झाली की पहिली गाडी कोणत्या वस्तीवर जाते, हे ग्रामीण महाराष्ट्रातील कोणत्याही शिक्षकाला विचारावे. अशा पोराच्या नावावर विशीतच दोन-तीन खटले असतात आणि एकही सिद्ध झालेला नसतो. ज्याच्यावर संशय घेणे सर्वांत सोपे, नेमका त्यालाच कायद्याची ही सवलत नाकारली जाते, याकडे विधिज्ञांनी गंभीरपणे पाहायला हवे.

अट घातली नाही तर आरोपी पळून जाईल, ही भीती मी समजू शकते. पण मावशींचा मुलगा पळून जाणार कुठे? सुटल्यापासून तो प्रत्येक तारखेला हजर राहिला आहे, बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत आला आहे आणि दर वेळी त्याची एका दिवसाची मजुरी बुडाली आहे. मी जामीनदार असल्यामुळे तो येतो, असे मला तरी वाटत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटूनही आत असलेल्यांची यादी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार प्रत्येक कारागृहाकडे असायलाच हवी. ती संख्या, नावे वगळून, आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून दर महिन्याला मागावी आणि धरणांतील पाणीसाठ्याचे आकडे छापता त्याप्रमाणे ठळकपणे छापावी. त्याच चौकटीत गरीब कैद्यांच्या योजनेसाठी जिल्ह्यात कोणाला भेटायचे, त्या कार्यालयाचा पत्ताही द्यावा. मावशींना वाचता येत नाही, पण त्यांच्या धाकट्या मुलीला येते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा